शुक्रवारी सात वाजता

आमच्या घरात देवाला वेळापत्रक लावणारा मीच, हे माझी बायको अजून पाहुण्यांना हसत सांगते. पुढचं मात्र ती सांगत नाही, म्हणून मी लिहितोय.

नव्वदीच्या मधली वर्षं होती. दिल्लीच्या नेहरू प्लेसमधल्या एका नव्या कंपनीत मी कॉपियर मशिनं विकायचो. सगळंच नवं होतं. कंपनी नवी, गळ्यातला टाय नवा, फरीदाबादचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट नवा. खिडकीतून बघावं तर रिकामे प्लॉट आणि त्यांत ठोकलेल्या खुंट्या. त्याआधी आम्ही सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा निवृत्त झाल्यावर ते सोडावं लागलं आणि नव्या फ्लॅटच्या भिंती नीट सुकायच्या आत बाबा गेले. मागे राहिलो चौघं: आई, मी, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सरकारी कचेरीत नोकरी करणारी माझी बायको आणि पाचवीतली मुलगी.

बाबा होते तोवर प्रार्थनेची आठवण कुणाला करून द्यावी लागत नसे. शुक्रवारी सात वाजता कुटुंब प्रार्थना, रविवारी सकाळी चालत चर्च, महिन्यातून एकदा दिल्लीतल्या पाच-सहा मराठी ख्रिस्ती घरांपैकी कुणाकडे तरी सभा आणि सभेनंतर पोहे. फरीदाबादला आलो आणि सगळं निसटलं. चर्च लांब होतं, उपासना हिंदीत. रविवार पडदे लावण्यात आणि कपडे धुण्यात जाऊ लागला. शुक्रवारी सातला आई एकटीच पलंगावर डोळे मिटून बसायची आणि आम्ही टीव्हीचा आवाज कमी करायचो. एका शुक्रवारी तेवढंही केलं नाही. जाहिरात संपल्यावर मी वळून बघितलं, तर आई पदराने चष्मा पुसत होती. मला माझीच लाज वाटली.

आणि लाज वाटली की मी कामाला लागतो, हा माझा स्वभाव. दुसऱ्याच दिवशी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर वेळापत्रक तयार केलं. सोमवारी आभार, मंगळवारी आजाऱ्यांसाठी, बुधवारी शेजाऱ्यांसाठी, गुरुवारी नोकरी आणि शाळेसाठी. रोज सकाळी पंधरा मिनिटं, शुक्रवारी सात वाजता सगळ्यांनी मिळून, शनिवारी शास्त्रवाचन, रविवारी काहीही झालं तरी चर्च. कागदाला प्लॅस्टिक चढवलं आणि फ्रिजवर लावलं. शेजारी लाल पेन दोरीने बांधलं, खुणा करायला.

बायको बघून म्हणाली, "अहो, हे महिन्याचं टार्गेट आहे का? पूर्ण झालं तर इन्सेन्टिव्ह काय?"

मला राग आला. माझ्या नाकावर तो कायमच असायचा. दोन आठवडे मी सगळ्यांना पहाटे उठवलं, पंधरा मिनिटं घड्याळ लावून मोजली. तिसऱ्या आठवड्यात सोमवार गळाला, मग मंगळवार. शेवटी उरला शुक्रवार. तो मात्र मी सोडला नाही. साहेबांच्या नाकावर टिच्चून शुक्रवारी साडेपाचला निघायचो आणि सातला चौघं गोल करून खाली सतरंजीवर बसायचो.

आमच्यात कुटुंब प्रार्थना कशी होते ते सांगायला हवं. एक गायन, शास्त्रातला एक उतारा, मग डोळे मिटून प्रत्येकाने मोठ्याने, स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करायची. सुरुवात सगळ्यांत लहानापासून, शेवट सगळ्यांत मोठ्याने. एकाने आमेन म्हटल्याशिवाय पुढच्याने तोंड उघडायचं नाही. आणि एक नियम असा की तो कुणी कधी सांगत नाही, पण घरात सगळ्यांना माहीत असतो. प्रार्थनेत कुणी काही बोललं, तर ते नंतर काढायचं नाही. विचारायचं नाही, टोमणा मारायचा नाही, समजूतही घालायची नाही. तुम्ही हातभर अंतरावर बसून प्रत्येक शब्द ऐकलेला असतो, तरी तुम्ही ऐकलेलं नसतं.

तेरा वर्षांचा असताना मी तीन रविवार चर्चमधली मुलांची शब्बाथ शाळा बुडवली होती. चर्चला म्हणून निघायचो आणि सरोजिनी नगरच्या मार्केटच्या मागे मुलांबरोबर क्रिकेट खेळायचो. चौथ्या शुक्रवारी प्रार्थनेत सगळं ओकून टाकलं. आमेन म्हटलं तेव्हा कान गरम झाले होते. बाबा भयंकर तापट. आता काही खरं नाही, असं वाटलं. आईची प्रार्थना झाली, बाबांची झाली. बाबांनी डोळे उघडले आणि आईला म्हणाले, "चहा ठेवतेस का?" बस, तेवढंच. रविवारी मी निघालो तर बाबा चपला घालून दारात उभे होते. "मलाही तिकडेच जायचंय," म्हणाले. सहा महिने ते माझ्याबरोबर चालत आले आणि बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसले. त्या गोष्टीबद्दल त्यांनी मरेपर्यंत ब्र काढला नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं. म्हणूनच जे केलं त्याला माफी नाही.

सप्टेंबरातला एक शुक्रवार. त्या दिवशी एक मशीन गिऱ्हाइकाकडून परत आलं होतं आणि साहेबांनी सगळ्या स्टाफसमोर मला झापलं होतं. घरी पोचलो तो पारा चढलेलाच. सतरंजीवर बसलो. मुलीची वेळ आली. ती अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलायची, दिल्लीत वाढलेली सगळीच मुलं बोलतात तशी.

"प्रभू, मॅथ्सच्या टेस्टमध्ये मला पंचवीसमधून सात मिळाले. मी मम्मीची साइन स्वतःच केली. सॉरी. मला बहुत डर लगता है. आमेन."

बायकोने प्रार्थनेसाठी श्वास घेतलेला मला ऐकू आला. तिला मी सुरू करू दिलं नाही.

"कुठाय ती टेस्ट?" मी डोळे उघडून ओरडलो. "जा, घेऊन ये."

मुलगी डोळे मिटूनच बसली होती. बहुधा तिला वाटलं, डोळे उघडले नाहीत तर प्रार्थना अजून चालू आहे. मी तिला दंडाला धरून उठवलं आणि एक चापट मारली. फार जोरात नव्हती, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिलो.

मुलगी आत गेली. बायको तिच्या मागे गेली. आई तशीच बसून होती. मग म्हणाली, "ती तुला सांगत नव्हती."

"अगं, पण खोटी सही केलीय तिने!"

"केली असेल. पण ती तुला सांगत नव्हती."

पुढच्या शुक्रवारी मुलगी वेळेवर येऊन बसली. गायन म्हटलं, उतारा वाचला. तिची वेळ आली आणि ती बोललीच नाही. आम्ही डोळे मिटून वाट बघत राहिलो. पंख्याचा आवाज, खाली कुणाच्या तरी स्कूटरचा आवाज. दोन-तीन मिनिटांनी हळूच "आमेन". त्याच्या पुढच्या शुक्रवारी तेच, आणि त्याच्याही पुढच्या. तिने आमेन म्हटल्याशिवाय कुणाला पुढे जाता येत नव्हतं, त्यामुळे ती शांतता आम्हाला चौघांनाही बसून ऐकावी लागायची. पहिल्यांदा मला तो हट्ट वाटला. मग शिक्षा वाटली. मग मला शुक्रवारची धास्ती बसली.

एकदा मी तिला जवळ बसवून म्हटलं, "हिंदीत कर, इंग्लिशमध्ये कर, कशातही कर. मी काही बोलणार नाही आता."

"ठीक आहे, पप्पा," ती म्हणाली. अगदी शहाण्यासारखी. आणि शुक्रवारी पुन्हा तेच.

नुसती प्रार्थनाच बंद झाली असती तर मी सोसलं असतं. ती काहीच सांगेनाशी झाली होती. शाळा कशी होती? ठीक. काय शिकवलं? वही बघा. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिचा डबा रिकामा यायचा, पण घरी आली की ती भुकेने दोन-दोन पोळ्या उभ्याउभ्या खायची. स्कर्टला मागून काळे डाग पडायला लागले. स्वेटरचा एक हात खांद्यात उसवून आला. बायकोने विचारलं, मी विचारलं, आईने मांडीवर घेऊन विचारलं. "कुछ नहीं, पडले." ताकास तूर लागू देत नव्हती. बायको शाळेत जाऊन आली. टीचर म्हणाल्या, मुलगी वर्गात छान आहे, काही प्रॉब्लेम नाही.

काहीतरी चाललं होतं. ते फक्त तिला माहीत होतं, आणि तिच्या तोंडावर हात मी ठेवला होता. बायको हे कधी बोलली नाही. पण स्कर्टचे डाग घासताना ती माझ्याकडे बघायची, तेव्हा मी दुसरीकडे बघायचो.

डिसेंबरात एका शुक्रवारी चार वाजता ऑफिसात आईचा फोन आला. "बस येऊन गेली. ती नाही आली. कंडक्टर म्हणतो, चढलीच नव्हती."

शाळेत फोन लावला तर चौकीदाराने उचलला. "सर, बच्चे तो सब निकल गए." बायकोला कळवलं आणि खाली धावलो. दिल्लीच्या हद्दीवरच्या बदरपूरपर्यंत एक ऑटो, तिथून फरीदाबादची दुसरी. धुकं उतरायला लागलं होतं. मथुरा रोडवर ट्रकमागे ट्रक. मी ऑटोच्या बाहेर अर्धा लोंबकळत कडेची माणसं बघत होतो. ऑटोवाला म्हणाला, "भाई साहब, अंदर बैठो, गिर जाओगे." मी प्रार्थना करत होतो म्हणावं, तर तसंही नाही. एकच शब्द पुन्हा पुन्हा तोंडात येत होता, ते तिचं घरचं लाडाचं नाव होतं.

आमच्या सेक्टरच्या वळणाच्या बरंच अलीकडे ती दिसली. रस्त्याच्या अगदी कडेने चालत होती, पाठीवर दप्तर, हातात पाण्याची बाटली. ट्रक गेला की थांबायची, डोळे मिटायची, मग पुन्हा चालायची.

"भैया, रोको! रोको!"

मी तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो. ती मला बघून खूश झाली नाही. घाबरली. मला बघून घाबरली, तिला माझ्यापेक्षा ट्रक परवडले. ते मी विसरू शकत नाही.

"बस छूट गई, पप्पा," ती म्हणाली.

हे खोटं होतं. मला कळलं होतं, आणि मला कळलंय हे तिलाही कळलं होतं. मी तिचं दप्तर घेतलं. ऑटोत ती माझ्यापासून थोडी सरकून बसली.

घरी बायको पोचलेली होती. तिने मुलीला पोटाशी धरलं, आईने दूध गरम केलं. सात वाजले. आज राहू दे, असं मी म्हणणार होतो, तोवर मुलीनेच सतरंजी अंथरली. सवय झाली होती तिला.

तिची वेळ आली. शांतता. इतकी लांब शांतता त्याआधी कधी झाली नव्हती. दोनदा तिने श्वास घेतला आणि दोन्ही वेळा माझा जीव टांगणीला लागला. शेवटी "आमेन". बायको रडत रडत एवढंच म्हणाली की मुलगी घरी आली, तुझे उपकार. मग माझी वेळ.

इतके आठवडे मी व्यवस्थित प्रार्थना केल्या होत्या. देशासाठी, ऑफिससाठी, आजाऱ्यांसाठी. त्या दिवशी तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं.

"देवबापा, माझ्या बापाने आयुष्यभर जे पाळलं ते मी एका मिनिटात मोडलं. साहेबांनी मला चार लोकांत झापलं, तो राग मी माझ्या मुलीवर काढला. ती तुझ्याशी बोलत होती आणि मी मध्ये पडलो. आज ती मथुरा रोडवरून एकटी चालत आली. का, ते मला माहीत नाही. मी तिला विचारणार नाही. मला तिने नाही सांगितलं तरी चालेल. पण तिला तुझ्याशी तरी बोलू दे. तेवढं मी तिचं काढून घेतलं असेल तर मी काय करू, मला कळत नाही. मला भीती वाटते."

पुढे बोलता येईना. आमेनही आईनेच म्हटलं. बायकोने तिला साथ दिली; मुलीचाही आवाज त्यात होता की नाही, हे माझ्या रडण्यात मला ऐकू आलं नाही. त्या संध्याकाळी घरात कुणीही मला काही विचारलं नाही. मुलीनेसुद्धा. ती नियम पाळत होती.

तो आठवडा कसा गेला ते आमचं आम्हाला माहीत. सोमवारपासून मुलीला ताप होता. खरा होता की खोटा, आम्ही थर्मामीटर लावला नाही. ती घरीच राहिली, आईबरोबर मटार सोलत बसली. तिला काही विचारायचं नाही, असं मीच देवासमोर बोलून बसलो होतो, आणि दिवसातून दहा वेळा मला ते बोलणं गिळून टाकावंसं वाटत होतं.

शुक्रवार आला. सात वाजले. गायन झालं, उतारा झाला. डोळे मिटले. शांतता. मी मनात आकडे म्हणत होतो. साठ झाले, शंभर झाले.

"प्रभू," मुलगी म्हणाली.

माझ्या शेजारी बायकोचा हात माझ्या गुडघ्यावर आला आणि तिने गुडघा घट्ट दाबून धरला. गप्प बस, असा त्याचा अर्थ. मी दात आवळले.

"प्रभू, नाइन्थमधल्या दोन दीदी आहेत ना, त्या बसमध्ये मला मागे बोलावतात. खाली बसवतात, त्यांच्या पायांजवळ. डबा घेतात. म्हणतात, किसी को बताया तो तेरा बॅग खिड़की से बाहर. एकदा स्वेटर खेचलं. उस दिन मी टॉयलेटमध्ये लपले होते. बस गेली, मग बाहेर आले. मंडेला परत शाळा आहे. मला बसमध्ये नाही जायचं. तू कुछ कर ना."

ती थांबली. नाक ओढल्याचा आवाज आला.

"और प्लीज, पप्पांना सांगू नको. आमेन."

मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसलो होतो. तिला ते माहीत नव्हतं असं कसं म्हणू? आणि माहीत होतं तर ती काय करत होती, मला जोखत होती की खरंच देवाला बजावत होती? इतकी वर्षं झाली, मी तिला विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

बायकोची वेळ होती. तिने घाईघाईने सोसायटीच्या पाण्याच्या टाकीसाठी प्रार्थना केली. टाकीला काहीही झालं नव्हतं. मग मी. मला उठून बूट घालावेत, त्या दोन मुलींची घरं शोधावीत, कंडक्टरची कॉलर धरावी असं वाटत होतं. मी म्हटलं, "देवबापा, या आठवड्यासाठी आभार. आमेन." एवढंच सुचलं. शेवटी आईची प्रार्थना झाली.

डोळे उघडले. मुलगी माझ्याकडे बघत होती. टक लावून, पापणी न हलवता. माझ्या क्रिकेटच्या त्या संध्याकाळी बाबांना किती जड गेलं असेल, ते मला तेव्हा समजलं. तापट माणूस होता तो. त्या एका वाक्यासाठी त्याला केवढा जोर लावावा लागला असेल.

मी बायकोकडे वळलो. "चहा ठेवतेस का?"

मुलीने सतरंजी गुंडाळायला घेतली.

सोमवारी सकाळी मी ऑफिसला जायच्या रोजच्या चार्टर्ड बसने गेलो नाही. दोन वर्षं धूळ खात पडलेली स्कूटर रविवारी दुपारभर खटपट करून चालू केली होती. सात वाजता दारात हेल्मेट घेऊन उभा राहिलो. मुलगी दप्तर घेऊन बाहेर आली, तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"माझी ऑफिसची वेळ बदललीय," मी म्हटलं. "आता तुझ्या शाळेवरूनच जावं लागणार मला. तू स्कूटरवर चल. दुपारी मम्मी लवकर सुटेल आणि घ्यायला येईल, तिचंही त्या बाजूला काम असतं."

तिन्ही गोष्टी खोट्या होत्या. वेळ बदलली नव्हती, साडेनऊच्या मीटिंगला मी रोज उशिरा पोचणार होतो आणि साहेब ते ऐकून घेणार नव्हते. बायकोने तर रविवारी रात्री जेवताना मला न विचारताच महिनाभराचा रजेचा अर्ज लिहून ठेवला होता.

मुलगी मागे बसली. आधी तिने सीट धरली होती, मग खड्डा आला तेव्हा माझा कोट धरला. सेक्टरच्या कोपऱ्यावर आमच्या पुढून शाळेची पिवळी बस गेली. मी वेग कमी केला आणि ती पार दिसेनाशी होईपर्यंत हळू चालवत राहिलो. मथुरा रोडच्या सिग्नलला थांबलो, तेव्हा पाठीमागून अगदी बारीक आवाज आला.

"थँक यू."

मी मान वळवली. "काय म्हणालीस?"

तिचे डोळे मिटलेले होते.

"तुम्हाला नाही म्हटलं, पप्पा," ती म्हणाली, आणि माझा कोट आणखी घट्ट धरला.